कवटीचं चित्र: पाहिलेलं आणि ताडलेलं

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा ज्यांनी मनापासून दिल्या, त्यांच्या हाताला वस्तुचित्राची शिस्त आधीच लागलेली असते. जळगाव-धुळ्याकडे अशी मुलं गावोगाव आहेत, आणि त्यांतल्या अनेकांना डायनासोरचंही वेड असतं. ही दोन वेडं एकत्र आली की जे काम उभं राहतं ते म्हणजे शास्त्रीय चित्रण. हा लेख त्यासाठी आहे: चित्रकलेच्या विद्यार्थ्यांसाठी, प्राणिशास्त्र शिकणाऱ्यांसाठी आणि त्यांना हाताशी धरणाऱ्या कलाशिक्षकांसाठी. सिनेमात दिसतो तसा डरकाळी फोडणारा प्राणी इथे काढायचा नाही. काढायची आहे एक कवटी, आणि तीही अशी की ती दगडी कवटी कधीच न पाहिलेल्या अभ्यासकाला चित्रावरून मोजमाप घेता यावं.

या कामाचा एकच नियम मी महत्त्वाचा मानतो. डोळ्यांनी पाहिलेलं आणि डोक्याने ताडलेलं या दोन गोष्टी कागदावर कधीही एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. पुढचं सगळं तंत्र त्यासाठीच आहे.

आधी आपल्या जमिनीविषयी. खान्देशात डायनासोरच्या कवट्या शोधत फिरू नका. आपल्या पायाखाली बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर वाहत आलेल्या लाव्ह्याचा. धुळे-नंदुरबार भागात याच बेसाल्टला चिरत गेलेल्या दगडी भिंती, म्हणजे डाइक, मैलोन्‌मैल दिसतात. तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांचं भूशास्त्र डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत तपशीलवार मांडलं. तापीकाठची गाळाची जमीन त्या मानाने फार अलीकडची. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे शहामृगाच्या अंड्यांची कवचं आणि त्यांचे मणी सापडले, पण ते अश्मयुगीन माणसाच्या काळातले आहेत, डायनासोरच्या नव्हे.

हे मुद्दाम सांगतो, कारण शेतात गोल दगड निघाला की ‘डायनासोरचं अंडं’ अशी बातमी लगेच पसरते. बेसाल्ट झिजताना त्याचे पापुद्रे सुटतात आणि आत गोल गाभा उरतो. तसे गोळे आपल्याकडे नाल्यानाल्यांत आहेत. त्यांची चित्रं जरूर काढा, हात चांगला तयार होतो, पण खाली ‘अंडं’ असं लिहू नका.

जीवाश्म हवे असतील तर लाव्ह्याच्या खालचे किंवा त्याहून जुने गाळाचे खडक उघडे पडलेल्या जागी जावं लागतं. सातपुडा आणि नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यात गेलं की बाग-कुक्षीचा पट्टा लागतो. तिथल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा आणि डोंगरगाव, गडचिरोलीतलं सिरोंचा ही नावं लक्षात ठेवा. डोंगरगावला सापडलेल्या लांब मानेच्या डायनासोरचं वर्णन जैन आणि बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये केलं. आज तो इसीसॉरस म्हणून ओळखला जातो. अंगाची हाडं भरपूर मिळाली, अख्खी कवटी मात्र नाही. या प्राण्यांच्या कवट्या नाजूक, पातळ हाडांच्या. मेल्यावर त्या लवकर सुट्या होतात आणि विखुरतात. म्हणून कवटी हाती लागणं दुर्मीळ, आणि म्हणूनच तिचं चित्र इतकं जपून काढायचं.

तीन कवट्या, तीन धडे

सराव सुरू करण्याआधी आपल्या भागाशी नातं असलेल्या तीन कवट्यांची ओळख करून घ्या. पहिली वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या मांगलीची. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी ती मिळवली आणि लंडनला रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचं वर्णन ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ या नावाने छापलं. ओवेन यांनी तिला सरीसृपांत बसवलं होतं. आज आपण तो प्राणी उभयचर मानतो. वर्गीकरण बदललं, तरी तो शोधनिबंध निरुपयोगी झाला नाही, कारण कवटीचं रुंद, चपटं रूप आणि तिची हाडं त्यात नोंदलेली आहेत. चित्रकाराने यातून घ्यायचं ते हे: नाव ठरवणं तज्ज्ञाचं काम आणि ते उद्या बदलू शकतं, आकार नीट उतरवणं तुमचं काम आणि ते टिकलं पाहिजे. त्या काळच्या लंडनच्या भूशास्त्रीय सोसायटीच्या त्रैमासिकाचे अंक ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’ या संगणकीय ग्रंथालयात विनामूल्य उघडतात. जुने शिळाछाप फलक तिथे निवांत पाहा. सावली किती कमी वापरूनही हाड कसं उठून येतं ते कळेल.

दुसरी कवटी गोदावरी खोऱ्यातल्या मालेरी थरांतली, ‘पॅरासुकस हिस्लॉपी’ या प्राण्याची. नावात हिस्लॉपच आहेत. लायडेकर यांनी १८८५ मध्ये तुटक्या तुकड्यांवरून हे नाव दिलं. पुढे शंकर चटर्जी यांनी दाखवून दिलं की त्या तुकड्यांत दोन वेगवेगळ्या प्राण्यांची हाडं आहेत: तुंडाचा तुकडा फायटोसॉरचा, तर कवटीच्या तळाचा भाग चोच असलेल्या ऱ्हिंकोसॉरचा. चटर्जी यांनी १९७८ मध्ये पूर्ण सांगाड्यांचं वर्णन केलं तेव्हा चित्र स्वच्छ झालं. आता कल्पना करा, एखाद्या चित्रकाराने ते जुने तुकडे एका सलग बाह्यरेषेत जोडून सुंदर कवटी रेखाटली असती तर? अस्तित्वातच नसलेला प्राणी पाठ्यपुस्तकात जाऊन बसला असता. तुकडे वेगळे मिळाले असतील तर ते वेगळेच काढायचे, मध्ये मोकळी जागा सोडून.

पॅरासुकस काढणाऱ्यांची आणखी एक चूक हमखास होते. तो दिसतो मगरीसारखा, लांब तोंडाचा, म्हणून हात आपोआप नाकपुड्या तुंडाच्या टोकाला नेतो. फायटोसॉरच्या नाकपुड्या मागे, डोळ्यांच्या जवळ असतात. ओळखीच्या प्राण्याची सवय हातात शिरते ती अशी.

तिसरी कवटी राजासॉरसची. गुजरातमधल्या रहियोली इथे भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते ८४ या काळात ही हाडं गोळा केली. नामकरण २००३ मध्ये झालं. मधल्या वर्षांत ती हाडं संग्रहात पडून होती. पण कोणतं हाड कुठे, कोणाशेजारी पडलं होतं याचा बारकाईने काढलेला नकाशा श्रीवास्तव यांच्याकडे होता आणि त्याच्या आधारे एकाच प्राण्याची हाडं एकत्र लावता आली. खोदकामाच्या जागी काढलेल्या रेखाटनाचं मोल याहून वेगळं सांगायला नको. कवटीपैकी मिळाला तो मुख्यतः मेंदूभोवतीचा भाग आणि माथा, त्यावर बसकं गोलसर शिंग. पोस्टरवर दिसणारा राजासॉरसचा जबडा, गाल, दात हे मादागास्करच्या माजुंगासॉरससारख्या नातेवाइकांवरून ताडलेले आहेत. ताडण्यात काही गैर नाही. गैर आहे ते तसं न सांगण्यात.

हाताशी असलेलं हाड

सराव कशावर करायचा? मगर किंवा घोरपड यांची कवटी घरात ठेवण्याचा विचारही करू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे प्राणी संरक्षित आहेत आणि सापडलेलं हाड बाळगणंही गुन्हा ठरू शकतं. ती पाहायची असेल तर जुन्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागात विचारा. काचेच्या कपाटात सरड्याचा, कासवाचा सांगाडा बहुधा असतो. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, विभागात बसूनच चित्र काढा आणि एक प्रत त्यांना भेट द्या. पुढच्या वेळी कपाट लवकर उघडतं.

घरच्या सरावाला सगळ्यात उत्तम कवटी कोंबडीची. पक्षी डायनासोरांच्याच वंशातले आहेत. डोळ्याच्या खोबणीपुढची खिडकी, जबडा कवटीला जोडणारं सुटं क्वाड्रेट हाड, या गोष्टी कोंबडीत प्रत्यक्ष दिसतात. आजच्या मगरीत ती पुढची खिडकी बुजलेली असते, तर डोळ्यामागच्या दोन खिडक्या मगरीत स्पष्ट आणि कोंबडीत अस्पष्ट. सरड्यात खालच्या खिडकीची खालची दांडी नसते, कासवात त्या खिडक्याच नाहीत. म्हणजे एका जिवंत प्राण्यात सगळं मिळत नाही, पण तीन-चार कवट्या शेजारी ठेवल्या की जुन्या सरीसृपाची कवटी वाचता येऊ लागते.

खाटकाकडून गावठी, वयस्क कोंबडीचं मानेसकट डोकं मागा. ब्रॉयलर कोवळं असतं, त्याची हाडं शिजताच सुटी होतात. कातडी काढून डोकं जाळीच्या कापडात बांधा, जाड झाकणाच्या बरणीत पाण्यात बुडवा आणि घरापासून लांब उन्हात ठेवा. खान्देशातल्या वैशाखात मांस लवकर गळतं. वास मात्र सोसावा लागेल. पाणी बदलताना ते जाळीतूनच गाळा, नाहीतर काडीएवढं गालाचं हाड मोरीत जातं. नंतर भांडी घासायच्या द्रव साबणाच्या कोमट पाण्यात तेलकटपणा काढा आणि औषधांच्या दुकानातल्या ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये पांढरं करा. ब्लीचिंग पावडर कधीही नको, ती हाडालाच खाते. हातमोजे आणि वेगळं भांडं हवंच.

जीवाश्म कवट्या फिरवून पाहायच्या असतील तर ‘मॉर्फोसोर्स’, ‘डिजिमॉर्फ’ आणि ‘स्केचफॅब’ इथे त्रिमितीय स्कॅन आहेत. मोबाइलवरही चालतात. पण एक काळजी घ्या: प्रत्येक स्कॅनखाली परवान्याच्या अटी असतात. सरावासाठी काढलेलं चित्र छापायचं झालं तर त्या अटी आधी वाचा.

मांडणी आणि मोजमाप

कवटी रेतीने भरलेल्या छोट्या कापडी पिशवीवर ठेवा. जीवाश्माला चिकणमाती किंवा प्लॅस्टिसिन लावू नका, त्यातलं तेल दगडात मुरतं. वरच्या जबड्याची दातांची रांग आडवी येईल अशी कवटी बसवा आणि तीच स्थिती शेवटपर्यंत ठेवा. पूर्ण नोंदीसाठी बाजूचं, वरचं, टाळूकडचं, मागचं आणि पुढचं अशी पाच दृश्यं लागतात. एकच काढणार असाल तर डावी बाजू निवडा, तोंड डावीकडे. ही सर्वमान्य पद्धत आहे आणि त्यामुळे दोन प्राण्यांची तुलना सोपी होते.

वस्तुचित्रात आपण पर्स्पेक्टिव्ह शिकलो, इथे ते विसरायचं. कवटीचा प्रत्येक बिंदू तुम्ही त्याच्या बरोब्बर समोरून पाहता आहात असं चित्र हवं. मोबाइलने जवळून फोटो काढला की तुंड फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. म्हणून दोन-तीन मीटर लांब उभे राहा आणि टेलिफोटो लेन्स वापरा. मोजपट्टी टेबलावर ठेवू नका. कवटीच्या अर्ध्या उंचीला काडेपेट्यांच्या चवडीवर ठेवा, नाहीतर माप खोटं येतं. फोटो हा फक्त आधार. खरा आधार व्हर्निअर कॅलिपर. तुंडाच्या टोकापासून मागच्या मानेच्या सांध्यापर्यंतची लांबी, क्वाड्रेटपर्यंतची लांबी, डोळ्याच्या खोबणीची रुंदी आणि उंची, दातांच्या रांगेची लांबी ही मापं चित्राला हात लावण्याआधी वहीत लिहा. बाह्यरेषा तयार झाली की डिव्हायडर घेऊन ती मापं चित्रावर तपासा. इथे आळस करू नका. सावलीत चूक झाली तर ती दुरुस्त होते. प्रमाणात चूक असेल तर त्यावर कितीही मेहनत घातली तरी चित्र वायाच.

प्रकाश डाव्या वरच्या कोपऱ्यातून, एकच दिवा. उजवीकडे पांढरा कागद उभा केला की सावलीतला तपशील उजळतो. प्रकाशाचं हे शिक्षण घ्यायला लांब जायची गरज नाही. चाळीसगावला केकी मूस यांचं कलादालन आहे. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, कृत्रिम उजेडात त्यांनी जी छायाचित्रं घेतली, ती शास्त्रीय चित्रकाराने तासन्‌तास पाहावीत अशी आहेत. दिवा किती खाली आणला की खडबडीतपणा उठतो, किती वर नेला की पृष्ठभाग सपाट होतो, हे तिथे उमगतं.

शिवण की तडा?

नवशिक्या चित्रकाराची खरी परीक्षा इथे होते. कवटी अनेक हाडांची बनलेली असते: प्रीमॅक्सिला, मॅक्सिला, नेझल, जुगल, स्क्वॅमोझल आणि बाकीची. ती जिथे जुळतात ती शिवण. जीवाश्मात शिवणीबरोबर असंख्य तडेही असतात आणि दोन्ही काळ्या रेघाच दिसतात. ओळखायची पहिली कसोटी सममितीची: शिवण डाव्या आणि उजव्या बाजूला जवळजवळ सारखी असते, तडा कुठेही जातो. दुसरी कसोटी, शिवण बहुधा नागमोडी किंवा दातेरी असते आणि हाडाच्या कडेने चालते. तडा हाडाच्या मधूनच आरपार जातो. भिंग घेऊन, दिवा फिरवत पाहा. मग शिवण सलग आणि किंचित ठळक रेषेने दाखवा, तडा बारीक आणि हलका. जिथे तुम्हाला ठरवता येत नाही तिथे रेषा तुटक ठेवा आणि समासात प्रश्नचिन्ह टाका. अभ्यासक तुमच्या प्रश्नचिन्हाचा आदर करतो. चुकीच्या ठाम रेषेने मात्र तो फसतो.

हीच शिस्त पुढे वाढवायची. शाबूत हाडाला पूर्ण छटा. तुटलेल्या कडेचा आतला भाग सरळ तिरक्या रेघांनी. हाडाला चिकटलेला दगड सपाट करड्या छटेने. हरवलेला भाग नुसत्या तुटक बाह्यरेषेने, आत काहीही न भरता. दबून वाकडी झालेली कवटी वाकडीच काढा. सरळ करून दाखवायची असेल तर ते वेगळं, दुसरं चित्र, आणि त्यावर ‘पुनर्रचना’ हा शब्द लिहिलेला.

जळगावहून अजिंठा जवळ आहे, म्हणून एक आठवण देतो. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यांत गिलावा उडालेल्या जागा, पुसट झालेले भाग तसेच ठेवलेले दिसतात. त्या नकला आज पुरावा म्हणून वापरता येतात त्या याच कारणाने.

शाईचं काम

शाईसाठी टिंबांची पद्धत, म्हणजे स्टिपलिंग, शिकाच. छापताना ती सगळ्यात विश्वासू ठरते. ०.१ आणि ०.३ मिलिमीटरची टेक्निकल पेनं पुरतात. पेन उभं धरा, टेकवा आणि उचला. ओढलंत तर टिंबाची शेपटी निघते. गडद छटेसाठी टिंब मोठं करायचं नाही, टिंबं जवळ आणायची. सगळ्यात खोल सावलीपासून सुरुवात करून उजेडाकडे जा आणि जिथे हाड सर्वांत उजळ आहे तिथे कोरा कागद राहू द्या. कवटीची टेबलावर पडलेली सावली काढू नका. एका हाडाची दुसऱ्यावर पडलेली गडद सावलीही हलकी करा, ती शिवणी झाकते.

चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट किंवा दुप्पट काढा. दुप्पट काढून निम्मं केलं की ०.३ ची रेषा ०.१५ होते आणि ०.१ ची जवळजवळ नाहीशी. म्हणून काम अर्धं झालं की एकदा झेरॉक्सवर लहान करून पाहा. टिंबं एकमेकांत मिसळून डाग झाले असतील तर अंतर वाढवा. प्रमाण दाखवताना ‘अर्ध्या आकारात’ असं लिहू नका, कारण छापणारा आकार बदलतो. चित्राबरोबरच आकसणारी मोजपट्टीची रेषा आखा आणि तिच्यावर सेंटिमीटर लिहा.

आपल्या हवेचा विचार करा. एप्रिल-मे मध्ये पेनाच्या टोकाशी शाई वाळते, दर थोड्या वेळाने ते रद्दी कागदावर टेकवत राहा. हाताखाली बटर पेपर ठेवा, घामाने कागद चिकटतो. पावसाळ्यात ट्रेसिंग पेपर दमटपणाने लहरतो आणि मापं हलतात. परवडत असेल तर पॉलिएस्टरची ड्राफ्टिंग फिल्म घ्या. संगणकावर काम करणाऱ्यांसाठी ‘क्रिटा’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. त्यात पाहिलेल्याचा एक थर आणि ताडलेल्याचा दुसरा थर पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. माझं मत विचाराल तर पहिल्या काही कवट्या कागदावरच करा, कारण स्क्रीनवर मोठं करत गेलं की एकूण आकाराचं भान सुटतं.

हात बसला की खऱ्या जीवाश्मांकडे जा. ताप्ती लाईनने सुरत गाठून पुढे बालासिनोरजवळच्या रहियोलीचं डायनासोर संग्रहालय करता येतं. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या भूशास्त्र संग्रहात मालेरी आणि कोटा थरांतले सांगाडे आहेत. तिथे आधी पत्राने परवानगी घ्यावी लागते. कुठेही गेलात तरी नमुन्याचा संग्रह क्रमांक पहिल्यांदा उतरवून घ्या. राजासॉरसचा मूळ नमुना २११४१ या क्रमांकाने नोंदलेला आहे आणि जगभरचे अभ्यासक त्या क्रमांकानेच त्याला ओळखतात. क्रमांक नसलेलं चित्र कितीही देखणं असलं तरी शोधनिबंधात चालत नाही.

चित्राच्या खाली इतकं हवं: प्राण्याचं नाव, संग्रह क्रमांक, कोणतं दृश्य, मोजपट्टी, कोणता भाग पुनर्रचित आहे, प्रत्यक्ष नमुन्यावरून काढलं की फोटो-स्कॅनवरून, आणि तुमचं नाव व वर्ष. अभ्यासकाला पाठवताना मूळ चित्र पाठवू नका. चांगली स्कॅन-प्रत द्या, रेषाचित्र असेल तर १२०० डीपीआय, छटा असतील तर ६०० पुरेत. त्यावर ट्रेसिंग पेपर लावून लाल पेन्सिलीने दुरुस्त्या मागा. दुरुस्त्या आल्या की जुनी प्रत फाडू नका. तिच्यावर ‘पहिली’, नवीवर ‘दुसरी’ असं लिहून दोन्ही एकाच पाकिटात ठेवा. कोणती रेषा का बदलली हे काही वर्षांनी विचारलं जातं, आणि तेव्हा उत्तर त्या पाकिटात सापडतं.